युद्ध ठरवतं कोण, लढतं कोण आणि जबाब देतं कोण?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांचा जीव घेतला. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. आठवडाभरात पंतप्रधानांनी सैन्यदलांच्या प्रमुखांची बैठक घेतली आणि बातमी आली की उत्तर कसं, कुठे आणि केव्हा द्यायचं हे ठरवायची पूर्ण मोकळीक सैन्यदलांना दिली आहे. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. १० मेच्या संध्याकाळी कारवाई थांबली. तेव्हापासून लोकलच्या डब्यात, पारावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच वाद ऐकू येतात. मोकळीक दिली होती, तर थांबा म्हणून कोणी सांगितलं? फौजेला आणखी चार दिवस मिळाले असते तर? आणि कोणी कारवाईबद्दल शंका काढलीच, तर तो सैन्याचा अपमान होतो का?

हे प्रश्न दिसतात वेगळे, पण सगळ्यांचं मूळ एकच आहे. लोकशाहीत बंदूक एकाच्या हातात असते आणि ती कधी, कशासाठी चालवायची हा निर्णय दुसऱ्याच्या हातात. अभ्यासक याला ‘नागरी नियंत्रण’ म्हणतात. सैन्यदलांवरचा अखेरचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा, एवढाच त्याचा अर्थ. व्याख्या एका ओळीत संपते. ती पाळायला मात्र देशांना पिढ्या लागतात आणि काहींना ती कधीच जमत नाही.

मुळातली अडचण

देश राखायचा तर सैन्य बलाढ्यच हवं. पण जे सैन्य शत्रूला सरहद्दीवर रोखू शकतं, ते मनात आणलं तर आपल्याच राजधानीतल्या संसदेला एका रात्रीत कुलूप घालू शकतं. संसदेकडे रणगाडे नसतात. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये नव्याने निवडून आलेली संसद भरणार होती. त्याच पहाटे सैन्याने देशाच्या नेत्यांना अटक केली.

यावर काही राज्यकर्त्यांनी भलताच उपाय शोधला. सैन्यच दुबळं ठेवायचं, मर्जीतले अधिकारी वर चढवायचे, एकाला दुसऱ्याविरुद्ध झुंजवायचं. त्याने खुर्ची टिकते, पण युद्ध आलं की दाणादाण उडते. म्हणून गरज दोन्हींची आहे. सैन्य कर्तबगार हवं आणि आज्ञेतही हवं. ही आज्ञा भीतीपोटी पाळली जाऊन भागत नाही, कारण भीती घालण्याचं साधन सरकारकडे नसतंच. ती पाळली जाते सवयीने, कायद्याने आणि आपण ज्याची आज्ञा पाळतो त्याला लोकांनी निवडलंय या विश्वासाने.

राज्यघटनेत काय आहे

कलम ५३ नुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. पण तेच कलम पुढे म्हणतं की त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. साखळी अशी: जवान, त्याचा अधिकारी, सेनाप्रमुख, संरक्षणमंत्री, मंत्रिमंडळ, लोकसभा आणि शेवटी तुम्हीआम्ही मतदार.

पैशाची साखळीही तशीच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यांना लोकसभेची मंजुरी लागते आणि खर्चाची तपासणी कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, करतात. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर नियम आणखी कडक आहे. जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेल्या रचनेप्रमाणे अण्वस्त्र वापरण्याची परवानगी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषदच देऊ शकते. कोणताही जनरल ती देऊ शकत नाही.

सरसेनापतीचं पद कुठे गेलं?

कागदावरची कलमं पाकिस्तानकडेही होती. आपल्याकडे फरक पडला तो सुरुवातीच्या आठ-दहा वर्षांतल्या काही निर्णयांनी, आणि त्यांबद्दल शाळेत फारसं शिकवत नाहीत.

ब्रिटिश काळात भारताचा सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा माणूस होता. तो व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसायचा. म्हणजे सैन्य चालवणारा आणि सैन्याबद्दल धोरण ठरवणारा एकच. दिल्लीत त्याच्यासाठी बांधलेला प्रशस्त बंगला व्हाइसरॉयच्या प्रासादापासून फार लांब नव्हता. स्वातंत्र्यानंतर या बंगल्यात पंतप्रधान नेहरू राहायला गेले. तेच तीन मूर्ती भवन. दिल्लीत आता पहिला मान कोणाचा, हे कोणतंही भाषण न करता सगळ्यांना कळलं.

१९४७ मध्ये भूदल, नौदल आणि हवाई दल यांना वेगवेगळे प्रमुख दिले गेले; तिघांचा मिळून एक सेनापती ठेवला नाही. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा भूदलाचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. पुढे १९५५ मध्ये संसदेने कायदा करून सरसेनापती हे पदनामच काढून टाकलं आणि तिन्ही प्रमुख केवळ आपापल्या दलाचे प्रमुख राहिले. मला हा बदल फार मोठा वाटतो. ज्या पदाभोवती सत्ता गोळा होऊ शकते, ते पद कोणी बलदंड माणूस त्यावर बसायच्या आधीच विसर्जित केलं गेलं.

पाकिस्तानची गोष्ट नेमकी उलटी घडली. तिथे पहिली राज्यघटना यायला १९५६ उजाडलं. १९५१ मध्ये पंतप्रधान लियाकत अली खान यांची हत्या झाली आणि त्यानंतर सरकारं येत-जात राहिली. १९५१ मध्येच अयुब खान सरसेनापती झाले आणि १९५४ मध्ये त्या पदावर असतानाच त्यांना संरक्षणमंत्री केलं गेलं. ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्यालाच देखरेख करणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, त्यांनी सगळी सत्ता हातात घेतली. मग १९७७, मग १९९९.

आपल्याकडे तोवर १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती आणि सरकारच्या पाठीशी गावोगाव पसरलेला पक्ष होता. भारतीय सैनिक जात्याच लोकशाहीवादी आणि पाकिस्तानी सैनिक जात्याच सत्तालोभी, असं मुळीच नाही. १९४७ च्या ऑगस्टपर्यंत दोघे एकाच फौजेत, एकाच शिस्तीत वाढले होते. राजकारण्यांनी जागा रिकामी सोडली तिथे फौज शिरली, असाच या उपखंडाचा अनुभव आहे.

मग पुढारी म्हणेल त्याला मान डोलवायची?

इथे नियंत्रणाची दुसरी, दुखरी बाजू येते.

१९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या वादातून राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घातल्यावर तो मागे घेतला. त्यानंतर नेहरूंनी संसदेत सांगितलं की नागरी सत्ता सर्वोच्च आहे आणि तशीच राहील. तत्त्व बरोबरच होतं. पण त्याचा आधार घेऊन पुढच्या तीन वर्षांत जे झालं ते घातक ठरलं. बढत्यांमध्ये मर्जी दिसू लागली आणि नको असलेला सल्ला ऐकणं बंद झालं.

हा सल्ला देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूर भागातले. पूर्व विभागाचे प्रमुख या नात्याने आजचं अरुणाचल त्यांच्या अखत्यारीत येत होतं. चीन हल्ला करू शकतो, पुढच्या चौक्यांवर तो झेपणार नाही, बचावाची फळी मागे घ्या आणि इतकं सैन्य द्या, असा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन तो सप्रमाण दाखवला. वर कोणी त्याची दखल घेतली नाही. थिमय्यांनंतर थोरातांचं नाव चर्चेत असताना प्रमुखपद दुसऱ्यांना मिळालं आणि १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचा हल्ला आला, तो बऱ्याच अंशी त्यांनी मांडला होता तसाच.

नोव्हेंबरमध्ये मेनन यांना सरकारमधून जावं लागलं आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. पण यशवंतरावांनी दिल्लीत जाऊन नेमकं काय केलं, हे कमी लोकांना ठाऊक आहे. रोज सकाळी तिन्ही प्रमुख आणि संरक्षण सचिव यांना एकत्र बसवून बोलणं, हा त्यांनी पाडलेला पायंडा. ऐकायला साधी गोष्ट. पण मेनन यांच्या काळात तुटला होता तो हाच धागा. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले. त्या दुपारी लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांकडे विमानं वापरायची परवानगी मागायला आले आणि त्यांनी ती तिथल्या तिथे दिली. लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायचा निर्णय पंतप्रधान शास्त्रींचा. किती फौज, कोणत्या वाटेने, हे सेनापतींनी ठरवलं.

याच युद्धाने उलटी चूकही दाखवली. बासष्टचा धसका घेतल्यामुळे पुढारी आता लढाईच्या तपशिलात शिरायला कचरत होते. युद्ध थांबवावं का, असा प्रश्न आला तेव्हा दारूगोळा बराच संपलाय, असा सल्ला लष्करप्रमुखांनी दिला. नंतर मोजदाद झाली तेव्हा साठा बराच शिल्लक निघाला. कोणीतरी त्याच वेळी आकडे मागायला हवे होते. सेनापतीचा सल्ला ऐकायचा म्हणजे त्याला उलट प्रश्न विचारायचाच नाही, असं नव्हे.

१९७१ ची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. एप्रिलमध्येच पूर्व पाकिस्तानात शिरा असं इंदिरा गांधींनी सुचवल्यावर लष्करप्रमुख माणेकशा यांनी पावसाळा, नद्या, हिमालयातल्या खिंडी आणि रणगाड्यांची अवस्था पुढे ठेवून मुदत मागितली. ही हकीकत मुख्यतः माणेकशा यांनीच पुढे भाषणांतून सांगितलेली आहे आणि इंदिराजींनाही तेव्हा लगेच युद्ध नको होतं, असं मानणारे इतिहासकार आहेत. संवाद शब्दशः तसा झाला असो वा नसो, सल्ला आणि निर्णय यांची गाठ पडली आणि डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत युद्ध संपलं.

“पण मंत्र्यांना लष्करातलं काय कळतं?”

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. बहुतेक संरक्षणमंत्र्यांनी कधी गणवेश घातलेला नसतो.

घर बांधणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. खोल्या किती, पैसे किती, कर्ज काढायचं का, हे घरातली माणसं ठरवतात. पाया किती खोल हवा, स्लॅब किती जाडीचा, हे गवंडी आणि अभियंता सांगतात. मालकाला सिमेंटचं प्रमाण कळत नाही म्हणून गवंडी घराचा मालक होत नाही. आणि पायाला तिसरा मजला पेलणार नाही असं गवंडी सांगत असताना मालकाने हट्ट धरला, तर घर कोसळल्यावर दोष मालकाचाच. तुलना इथेच सोडून द्यावी लागते, कारण गवंडी हट्टी मालकाचं काम सोडून जाऊ शकतो, सैनिक जाऊ शकत नाही. म्हणून तर निर्णय घेणाऱ्यावरची जबाबदारी कितीतरी जास्त आहे.

कारगिलमध्ये ही जबाबदारी किती जड असू शकते ते दिसलं. १९९९ च्या मे महिन्यात सरकारने हवाई हल्ल्यांना परवानगी दिली, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही अशी अट घालून. अटीचा अर्थ होता की पाकिस्तानी रसद मागून तोडता येणार नाही आणि आपल्या जवानांना वरून येणाऱ्या गोळ्यांसमोर उभे कडे चढावे लागतील. ५२७ जणांनी प्राण दिले. दुसऱ्या पारड्यात काय होतं? युद्ध पसरू नये, दोन अण्वस्त्रधारी देशांत ते हाताबाहेर जाऊ नये आणि जगाने भारताची बाजू घ्यावी. ते साधलं, पाकिस्तानवर अमेरिकेचाही दबाव आला. या दोन पारड्यांचं वजन करायचं गणित कोणत्याही लष्करी अभ्यासक्रमात नाही. ते राजकीय गणित आहे आणि म्हणूनच ते मतदारांसमोर उभं राहावं लागणाऱ्या माणसाने करायचं. ऑपरेशन सिंदूर कुठे थांबवायचं हाही त्याच जातीचा निर्णय होता. तो पटला नाही तर जाब सरकारला विचारायचा. जुलै २०२५ मध्ये लोकसभेत त्यावर चर्चा झाली तेव्हा उत्तरं पंतप्रधानांनी आणि मंत्र्यांनी दिली, जनरलांनी दिली नाहीत. ही पद्धत योग्य आहे.

गणवेशातल्या लोकांची एक तक्रार मात्र मान्य करायला हवी. कित्येक वर्षं नागरी नियंत्रण म्हणजे सनदी अधिकाऱ्यांचं नियंत्रण असंच झालं होतं. मंत्री बदलत, फायली सचिवालयात फिरत राहत आणि प्रमुखांचं कार्यालय मंत्रालयाच्या रचनेबाहेर. कारगिलनंतरच्या समितीने यावर बोट ठेवलं. तरीही तिन्ही दलांचा मिळून एक प्रमुख नेमायला १ जानेवारी २०२० उजाडलं. त्या दिवशी जनरल बिपिन रावत यांनी पदभार घेतला. हे पद म्हणजे जुना सरसेनापती परत आला असं काहींना वाटलं, पण तसं नाही. तिन्ही दलांना लढाईचे हुकूम देण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही. तो सरकारचा सल्लागार आहे आणि मंत्रालयातल्या नव्या लष्करी विभागाचा सचिवही.

फौज शहरात येते तेव्हा

युद्ध सीमेवर असतं, पण बहुतेक नागरिकांना फौज भेटते ती पुरात, भूकंपात किंवा दंगलीत. १९९३ मध्ये किल्लारीला आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात ती आली तेव्हा लोकांनी जवानांना राख्या बांधल्या, घासातला घास दिला. हा आदर खरा आहे.

दंगलीत मात्र कायद्याची रेघ बारीक होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे पोलिसांना जमाव आवरत नसेल तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी सैन्याची मदत मागू शकतात. मदत कशी करायची ते लष्करी अधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरून आणि माणसांचं व मालमत्तेचं कमीत कमी नुकसान करून, ही अट कायद्यातच आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. संपर्क होताच मात्र त्याने दंडाधिकाऱ्याच्या सूचना पाळायच्या.

याचा अर्थ असा की फौज रस्त्यावर उभी असूनही मुलकी यंत्रणा कचरली तर फौजेचा उपयोग होत नाही. मुंबईत हे घडलंय. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं की सैन्याचा परिणामकारक वापर करण्याबद्दल विचार करून आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांनी ६ ते १० जानेवारी १९९३ हे मोलाचे चार दिवस घालवले. नागरी नियंत्रण म्हणजे सैन्याला मुठीत ठेवणं एवढंच नाही. हुकूम देणाऱ्याने तो वेळेवर द्यावाही लागतो.

मुंबईचंच आणखी एक उदाहरण. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर तिथला आणि करी रोड व आंबिवलीचा पादचारी पूल बांधायचं काम लष्कराला दिलं गेलं आणि २०१८ च्या सुरुवातीला पूल उभे राहिले. मुंबईकरांनी आभार मानले, ते योग्यच. तरी मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. रेल्वेकडे स्वतःचे अभियंते होते, पैसा होता, वर्षानुवर्षांच्या प्रवाशांच्या तक्रारी होत्या. आपत्तीत फौज बोलावणं वेगळं आणि मुलकी खात्याच्या आळसावर तिचं पांघरूण घालणं वेगळं. अशाने लोकांच्या मनात बसतं की काम करतं ते सैन्यच, बाकी सगळे निकम्मे. ज्या देशांत फौजेने सत्ता घेतली, तिथे आधी ही भावना लोकांत रुजलेली होती.

सैनिकाचे हक्क, नागरिकाचे हक्क

घटनेच्या कलम ३३ मुळे संसद सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. जवान राजकीय पक्षात जाऊ शकत नाही, संघटना करू शकत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलू शकत नाही. मतदान मात्र करू शकतो, बहुधा टपालाने. हक्क कमी झाले म्हणून न्यायालयाचं दार बंद होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नियुक्ती द्या, असा निकाल दिला. पुरुष जवान स्त्रीचा हुकूम मानणार नाहीत, अशा धाटणीचे युक्तिवाद सरकारने केले होते. न्यायालयाने ते फेटाळले.

जिथे फौज वर्षानुवर्षं नागरी वस्तीत आहे, तिथला प्रश्न याहून कठीण आहे. १९५८ च्या विशेषाधिकार कायद्याने, म्हणजे अफस्पाने, ‘अशांत’ घोषित झालेल्या भागात सैन्याला गोळी चालवण्यापर्यंतचे अधिकार मिळतात आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय जवानावर खटला चालत नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधल्या ओटिंगजवळ खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर चुकीच्या माहितीवरून गोळीबार झाला आणि सहा जण ठार झाले. नंतर उसळलेल्या संतापात आणखी लोक मेले. राज्य पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई थांबवली, मंजुरी मिळाल्यास ती पुढे नेता येईल असं सांगून. दहशतवादाशी लढणाऱ्या जवानाला उठसूट खटल्यांपासून संरक्षण हवं, हे मला मान्य आहे. पण मजुरांच्या घरच्यांना कोर्टात एक खुली सुनावणीही मिळू नये, हे मान्य होत नाही.

“प्रश्न विचारले की मनोबल खचतं”

मनोबल खरंच कशाने खचतं, हे बासष्टने दाखवलंय. उन्हाळी कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी हिमालयात पाठवल्याने खचतं. त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. गुप्ततेची गरज असते, हे खरंच. चालू कारवाईचे तपशील, ठावठिकाणे, शस्त्रांची क्षमता उघड करा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या चुका झाकून आजच्या जवानाला काय मिळतं?

अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत गेला आहे. तिथल्या लोकांना बुटांचा दर्जा, पेन्शनची रखडलेली फाइल, अग्निवीर म्हणून चार वर्षांनी परत येणाऱ्या मुलाचं पुढे काय, हे प्रश्न रोजचे आहेत आणि ते विचारताना आपण देशद्रोह करतोय असं त्यांच्या मनातही येत नाही. ही शंका बहुधा त्यांना येते ज्यांच्या घरातलं कोणीच सरहद्दीवर नाही. अग्निपथ योजनेचा निर्णय २०२२ मध्ये झाला. चार वर्षांनी फक्त २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार. योजना चांगली की वाईट यावर मतं असतील. पण साताऱ्या-कोल्हापूरच्या मुलांच्या आयुष्यावर एवढा परिणाम करणारा बदल आधी संसदेत सविस्तर चर्चेला यायला हवा होता.

गणवेश आणि प्रचार

सैन्य सरकारच्या आज्ञेत असतं, पक्षाच्या नाही. हा फरक निवडणुकीच्या दिवसांत पुसट होतो. २०१९ मध्ये प्रचाराच्या फलकांवर जवानांचे आणि अधिकाऱ्यांचे फोटो झळकू लागले. तेव्हा माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून याकडे लक्ष वेधलं. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या गावात राहत. मार्च २०१९ मध्ये आयोगाने सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, अशी सूचना पक्षांना पुन्हा एकदा दिली. पुन्हा एकदा, कारण ती २०१३ मध्येही दिली होती. नियम आहे, पाळायचा कोणी हा प्रश्न आहे.

राहिले निवृत्त अधिकारी. त्यांनी राजकारणात येऊ नये का? यायला काहीच हरकत नाही. वर्दी उतरली की ते तुमच्याआमच्यासारखे नागरिक. करिअप्पांनीही १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभा लढवली आणि ते हरले. प्रश्न फक्त अंतराचा आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर लगेच खासगी कंपनीत जायचं असेल तर सरकारची परवानगी लागते, कारण पदावर असताना त्याने त्या कंपनीला झुकतं माप दिलं नसावं याची खात्री हवी. निवडणूक लढवायला मात्र असा कोणताही थांबा नाही. लष्करप्रमुखाचा सल्ला आजच्या सरकारला जितका विश्वासार्ह वाटायला हवा, तितकाच उद्या निवडून येणाऱ्या विरोधी पक्षालाही. तो पद सोडून दोन-चार महिन्यांत एका पक्षाच्या व्यासपीठावर दिसला, तर त्याने पूर्वी दिलेल्या प्रत्येक सल्ल्याकडे लोक संशयाने पाहतील आणि त्याच्या जागी आलेल्याकडेही. खासगी नोकरीसाठी जी खबरदारी आपल्याला आवश्यक वाटली, ती उमेदवारीसाठी आणि राज्यपालपदासारख्या नेमणुकांसाठीही कायद्यात आणावी. मुदत निदान दोन वर्षांची असावी आणि ती तिन्ही दलांच्या प्रमुखांपासून लेफ्टनंट जनरल व त्यांच्या बरोबरीच्या पदांपर्यंत सगळ्यांना लागू व्हावी. तसं विधेयक कोणत्याही पक्षाचा खासदार मांडू शकतो.